भोकाचं मडकं

वारूळवाडीच्या आमच्या घरात संध्याकाळ झाली हे कावडीच्या आवाजावरून कळायचं. दादा, म्हणजे माझे वडील, शेतातून आले की बैल बांधायचे, तांब्याभर पाणी प्यायचे आणि खुंटीवरची कावड खांद्यावर टाकून विहिरीकडे निघायचे. जाताना रिकामे डबे खडखडत, येताना भरल्या डब्यांच्या वजनाने बांबू करकरायचा. ती करकर बोळाच्या तोंडाशी आली की आई चुलीवरचा तवा उतरवायची आणि मागच्या दारात जाऊन उभी राहायची. हे पाणी तिच्या परसासाठी असायचं. शेत दादांचं आणि परस आईचा, अशी त्यांच्यात वाटणीच झालेली होती. परसात यंदा काय लावायचं हे विचारायची दादांची प्राज्ञा नव्हती. "म्या हितला पाणक्या," ते म्हणायचे. "मालकीणबाई बोट दावतील तिथं वततो." आई हसू दाबून म्हणायची, "वांग्याच्या मुळाशी वता, पायावर नगा वतू."

परस म्हणजे घरामागची एक पट्टी. न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळीचं एक बेट, कुंपणाला शेवगा, आणि उरलेली जमीन आईच्या लाडाची. होळी झाली की तिला अवसान चढायचं. होळीची राख घमेल्यात भरून आणायची, चाळायची आणि वाफ्यात टाकायची. मग माळ्यावरून तुंबा खाली यायचा. हा वाळलेला, आतून पोकळ भोपळा, त्याच्या तोंडाला चिंधीचा बोळा. त्यात राखेत घोळून ठेवलेलं बी असायचं. दुधी, दोडका, कारलं, गवार, भेंडी, वांगी, मिरची, सगळ्यांच्या वेगळ्या पुरचुंड्या. दुधीचं बी तिच्या आईकडून आलेलं होतं आणि त्याचा तिला भारी तोरा. वेलाचं बी रात्रभर भिजवून, ओल्या फडक्यात बांधून, चुलीच्या उबेला ठेवायचं. मोड आला की आळं करून त्यात लावायचं. वांगी-मिरचीचं बी मात्र आधी वाफ्यात टाकायचं आणि रोप बोटभर झालं की उचलून दुसरीकडे लावायचं. ते लावायचं दिवस कलल्यावरच, आणि वर एरंडाच्या पानांची सावली धरायची. भर उन्हात रोप लावणाऱ्या बायकांबद्दल आईचं मत मी इथे लिहीत नाही. त्या बायकांच्या सुना अजून गावात आहेत.

हे सगळं मला आज आठवतं ते मंचरला, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून. खालून हायवेच्या गाड्या अखंड ओरडत असतात. मुलाने प्लॅस्टिकच्या पिशव्यांत माती भरून दिली आहे, त्याला बारीक नळ्या जोडल्या आहेत, आणि नळी मोबाइलवरून चालू होते म्हणे. मला ती चालू करता येत नाही. मी तांब्याने पाणी घालते आणि सून आली की तांब्या पदराआड करते. या वयात चोरी करायची ती पाण्याची, असं आपलं मी मनाला समजावते.

तर दादा गेले. गणपती नुकतेच बसून उठले होते. दुपारी बांधावरच्या बाभळीखाली जरा टेकतो म्हणाले आणि टेकले ते टेकलेच. मी तेव्हा सातवीत होते. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, पण आमचे वासे जागच्या जागी होते, घरच मुकं झालं. आई बोलायची थांबली. विचारलं तेवढंच उत्तर. ताटात अर्धी भाकरी घ्यायची आणि त्यातली चतकोर कुत्र्याला जायची. मागच्या दाराकडे ती पाठ करून बसायची. पडवीतली कावड खुंटीवर तशीच लटकत राहिली. माझा थोरला भाऊ अण्णा सगळं शेत एकट्याने ओढू लागला, पण कावडीला त्याने कधी हात लावला नाही. मी एकदा म्हटलं, तर "येळ न्हाई मला," म्हणून तो बाहेर निघून गेला. आमची करकर बंद झाली, आणि संध्याकाळ झाली हे कळेनासं झालं.

मयताच्या घरातलं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, असा आमच्याकडे रिवाज. अण्णाचं आधीच ठरलेलं होतं. माघात, वाजंत्रीशिवाय, चार माणसांत ते लागलं आणि लोणी गावची सुमनवहिनी घरात आली. बिचारीने सासऱ्याचं तोंडही पाहिलेलं नव्हतं आणि आल्या दिवसापासून त्याच्या सुतकात राहायची पाळी तिच्यावर आली. बडबडी, चटपटीत पोर. तिच्या माहेरी हसायला कारण लागत नसे. इथे हसू आलं तर ती तोंडावर पदर घेऊन न्हाणीत जायची. मी एवढीशी, पण मला "वन्सं" म्हणायची, आणि त्या एका शब्दावर मी तिची गुलाम झाले होते. आई तिला वाईट वागवत नव्हती. फक्त "अगं" याच्यापलीकडे आईने तिला कधी हाक मारली नाही. कधीकधी वाटायचं, आईला तिचं नावच माहीत नसावं.

होळी आली. पुरण शिजायचा प्रश्नच नव्हता. शेजारच्या मालनकाकूंनी झाकून पोळ्या आणून दिल्या आणि तासभर बसून आमच्या चुलीतली राखसुद्धा डोळ्यांनी मोजून गेल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया राख आणायला निघाल्या. आई उठली नाही. वहिनीने धीर करून विचारलं, "आत्याबाई, बी कुठंशी असतंय?"

"औंदा परस न्हाई," आई म्हणाली. "पाणी कोण घालणार?"

संध्याकाळी भांडी घासताना वहिनी मला हळूच म्हणाली, "वन्सं, आत्याबाई जेवत न्हाईत. अशा किती दिवस ऱ्हातील? परस उगवला तर बघायला म्हून तरी मागल्या दारात येतील. आल्या म्हंजी काय ना काय बोलतील. आन् एकदा चुका काढाया लागल्या म्हंजी मग भ्या न्हाई." मला ते पटलं. आई दुसऱ्याच्या चुका काढू लागली की ती बरी झाली असं समजायचं, हे आमच्या घरातलं औषधपाणीच होतं. शिवाय गेल्या हंगामात दादांच्या पाठोपाठ वेल तसेच वाळून गेले होते, दुधीचं नवं बी कुणी धरलंच नव्हतं. तुंब्यात होतं ते जुनं. आणखी एक उन्हाळा गेला तर आजीचं बी म्हातारं होऊन मरून जाणार होतं. वहिनीने पुन्हा विचारलं तेव्हा आईने माळ्याकडे बोट केलं. "घे. तुझंच हाय आता," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

पाण्याचा प्रश्न वहिनीने लोणीच्या पद्धतीने सोडवला. "आमच्याकडं प्यायाच्या पाण्याची मारामार," ती म्हणाली, "पर माझ्या आईनं कारली एक वरीस चुकवली न्हाईत." माळ्यावर जुनी मडकी होती. दर उन्हाळ्यात नवं मडकं यायचं आणि जुनं, पाणी गार करेनासं झालेलं, वर जाऊन बसायचं. वहिनीने ती खाली काढली. तळाशी खिळ्याने अलगद भोक पाडलं, जुन्या लुगड्याच्या चिंधीची वात वळून त्या भोकात ओढून घेतली, आणि मडकं आळ्याच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरलं. वर खापरीचं झाकण. एकदा भरलं की पाणी वातीने झिरपत मुळाशी जात राहतं, वरची माती कोरडी आणि खालची ओली. न्हाणीतलं पाणी मी शाळेतून आल्यावर तांब्या-तांब्याने भरायचे. तिसऱ्या का चौथ्या दिवसापर्यंत बघावं लागायचं नाही. मोबाइलच्या नळ्या लावणाऱ्या माझ्या लेकाला मी हे सांगितलं, तर तो म्हणाला, "आई, हेच तर तंत्र आहे." म्हटलं, बाबा रे, हे तंत्र तुझ्या मामीने खिळ्याने केलं होतं.

दुधी उगवला. दोन जाड पानं, मग तिसरं, चौथं, मग तंतू. दोडका आला. वाफ्यात वांग्या-मिरचीचं रोप टरारलं. पण आई काही मागच्या दारात आली नाही. वहिनी मुद्दाम मोठ्याने म्हणायची, "वन्सं, दुधीला मावा पडलाय का वो?" घरातून उत्तर येत नसे. अण्णाही परसाकडे फिरकत नसे. ती हिरमुसायची, पुन्हा कामाला लागायची. चैत्र लागला, कोकिळा ओरडून ओरडून घसा बसवून घेऊ लागल्या, आणि वांगी लावायची संध्याकाळ आली. रोपं उपटून ओल्या पोत्यावर ठेवली होती. एकदा वाफ्यातून उचललेलं रोप त्याच दिवशी जमिनीत गेलं पाहिजे, नाहीतर ते मान टाकतं. आळी तयार होती, एरंडाची पानं तोडून आणली होती. फक्त शेवटच्या मडक्याची वात वहिनीच्या मनासारखी बसत नव्हती, एकसारखी गळत होती. ती न्हाणीपाशी गेली, मडकं काठोकाठ भरलं, आणि गळतं किती ते बघत बघत, सवयीने खांद्यावर घेऊन परसात आली. मागे पाण्याची बारीक धार लागली होती आणि पाठ भिजत होती.

कुंपणापलीकडे मालनकाकू होत्या. त्यांनी ते पाहिलं आणि किंचाळल्याच. "अगं ए सटवे! खांद्यावर भोकाचं मडकं घेऊन हिंडतीस? अजून वरीस झालं न्हाई घराला! आता कुनाला न्यायचंय?"

तोवर आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. चितेभोवती फिरताना मुलाच्या खांद्यावर देतात ते मडकं असंच असतं. पाण्याने भरलेलं, भोक पाडलेलं, मागे धार सांडणारं. वहिनीला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण तिच्या माहेरी भोकाचं मडकं म्हणजे कारली, रोजची गोष्ट, त्यामुळे तिच्या मनातही दुसरं काही आलं नाही. आणि नेमका त्याच वेळी अण्णा बैल घेऊन गोठ्याच्या वाटेने आला. त्याने बायकोकडे पाहिलं. त्याचा चेहरा पिठासारखा झाला. कासरा तसाच टाकून तो आल्या वाटेने परत निघून गेला. वहिनी जागच्या जागी थिजली. तिला मडकं खाली ठेवताही येईना, कारण हातातून निसटलं तर फुटणार, आणि नदीवर, चितेपाशी, शेवटी नेमकं तेच करतात. "वन्सं, धरा वो, धरा," ती कसंबसं म्हणाली. मी तिच्या खांद्यावरून मडकं उतरवलं आणि त्याच्यासाठी खणलेल्या खड्ड्यात ठेवलं. ती मटकन खाली बसली आणि हुंदके देत हातांनीच पहिल्या मडक्याभोवतीची माती उकरू लागली. मालनकाकू कुंपणावरून सांगतच होत्या, सगळी काढ, एकूण एक काढ, आणि तिठ्यावर नेऊन टाक. दुधीच्या आळ्याला तिचा हात लागला आणि वेल हलला.

"मालन, तू घरी जा."

आई मागच्या दारात उभी होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. मालनकाकूंचा आ वासलेला तसाच राहिला आणि त्या गेल्या. आई पायऱ्या उतरली, वहिनीपाशी आली. "काय करतीस गं?"

"काढते, आत्याबाई. चुकलं माझं. पाणी कमी लागावं म्हून केलं व्हतं. आमच्यात असंच करत्यात. माझ्या ध्यानातच आलं न्हाई वो."

आई दुधीच्या मुळाशी उकिडवी बसली आणि मातीत बोटं खुपसली. बराच वेळ बोटं तशीच ठेवली. मग मला म्हणाली, "अण्णाला घिऊन ये."

अण्णा बांधावरच्या बाभळीखाली बसला होता. तिथेच. मी आईने बोलावलं म्हटल्यावर मुकाट्याने उठला. परसात आला, पण मडक्यांकडे बघेना. आईने त्याला समोर बसवलं आणि शांतपणे विचारलं, "त्या दिशी नदीवर काय झालं? मला कुनी सांगितलंच न्हाई."

आमच्याकडे बायका स्मशानात जात नसत. अंगणातून तिरडी उचलली की बायकांसाठी माणूस तिथेच संपायचा. पुढचं पुरुषांना ठाऊक, आणि पुरुष बोलत नाहीत. आई सात महिने भिंतीकडे तोंड करून काय बघत होती, ते मला त्या क्षणी कळलं. जे तिला बघू दिलं नव्हतं तेच ती बघत होती.

अण्णा मान खाली घालून म्हणाला, "मडकं दिलं खांद्यावर. फेरे घातले. दर फेऱ्याला काका दगडानं भोक पाडायचे. पाणी पाठीवरनं जायचं. गार व्हतं लई. मग टाकून दे म्हनले, मागं बघू नको म्हनले." त्याने खांदा चाचपला. "न्हाई बघितलं म्या. दादाला मागं टाकून आलो, आन् बघितलं न्हाई. तवापासनं खांद्यावर काय घ्यायचं म्हनलं की पाठ वली झाल्यागत वाटतीया, आये. कावड घिववत न्हाई." आणि माझा भाऊ, एवढा बाप्या माणूस, लहान पोरासारखा रडला. आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. ओली आहे का ते तपासावं तसा.

"आन् ते पाणी कुठं गेलं?"

"वाळूत. कुठं जानार."

मग आई वहिनीकडे वळली. "ह्या मडक्यातलं मुळाला जातंय?"

"व्हय, आत्याबाई."

"जातंय. म्या बघितलं आता, खाली वल हाय." ती उठली, पदर खोचला. "त्यांनी सारा जलम हितं पाणी वतलं, आन् त्यांच्या वाटचं तेवढं वाळूत गेलं. हे तरी मुळाला जाऊ दे. एक मडकं काढायचं न्हाई." मग अण्णाला म्हणाली, "ऊठ. कावड काढ. रोपं कवाची उपटून ठिवल्यात, मान टाकतील."

अण्णा तसाच उभा राहिला. मला वाटलं, नाही जाणार. मग तो पडवीत गेला. खुंटीवरून कावड काढल्याचा आवाज आला, बाहीने जळमटं झटकल्याचा आला, आणि रिकामे डबे खडखडत बोळातून लांब गेले.

मालनकाकूंनी पुढे महिनाभरात आपल्या तोंडलीला वहिनीकडून तशीच मडकी करून घेतली, आणि गावभर सांगितलं की ही युक्ती मुळात त्यांच्या माहेरची. असो. आजीच्या दुधीचं बी अजून आहे. अण्णा आता थकला, वहिनीचे गुडघे गेले, पण फाल्गुनात माझ्याकडे एक पुरचुंडी न चुकता येते, राखेत घोळलेली. यंदाचीही आली. माझ्या गॅलरीत वेल जाळीपर्यंत चढला आहे.

त्या संध्याकाळी आई वांग्याच्या आळ्यांपाशी बसली. एकेक रोप हलक्या हाताने उचलायची, मूळ सरळ करायची, अंगठ्याने माती दाबायची. मी एरंडाचं पान धरायला गेले तर म्हणाली, "सूर्याकडून धर, तुझ्या तोंडाकडून नको." चुका काढायला सुरुवात झाली होती. वहिनी मदतीला वाकली, तर तिला म्हणाली, "तू भाकरी टाक जा. आज मला भूक लागलीया." वहिनी डोळे पुसत आत गेली. थोड्या वेळाने भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला, तवा तापल्याचा वास आला.

आणि मग बोळाच्या तोंडाशी करकर ऐकू आली. पावलं दादांपेक्षा जलद होती, म्हणून आवाज जरा वेगळा होता, पण बांबू तोच. आईचे हात मातीत थांबले. तिने मान वर केली नाही. तशीच बसून तिने घराकडे हाक दिली, "सुमन, तवा उतरव. पाणी आलं."

वहिनीने तवा उतरवला आणि मागच्या दारात येऊन उभी राहिली.